कोणी मारलं, हे विचारायचं नाही

४ ऑक्टोबर

पोहोचले. कारा-बुलुंग लहान आहे, पण नीटनेटकं आहे. हवा इतकी स्वच्छ की राजधानीतला सगळा धूर फुप्फुसातून धुऊन निघेल. खिंडीत बस रुतली तेव्हा ड्रायव्हरनं सगळ्यांना खाली उतरवून ढकलायला लावलं. मीही ढकलली. एक मेंढपाळ म्हणाला, "आजीबाई, तुम्ही राहू द्या." मी त्याला सांगितलं की ही आजीबाई मोठ्या इस्पितळात जन्मभर कवट्या उघडत आली आहे, तुझ्या बसला भीत नाही. त्यानंतर त्यानं माझी पेटी शेवटपर्यंत वाहिली.

निवृत्त होऊन खिडकीत बसले असते तर सहा महिन्यांत संपले असते. इथं डोक्याच्या जखमांसाठी वेगळा कक्ष आहे आणि त्याला डॉक्टर मिळत नव्हता. मला काम हवं होतं. सौदा दोघांच्याही सोयीचा.

मुख्य शल्यविशारद तोक्तोसुन माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे. हात अजून स्थिर आहेत, हे मी चहा ओततानाच पाहून घेतलं. मी त्यांना 'बाइके' म्हणायचं ठरवलं. मोठ्या भावाचा मान द्यायला माझं काही जात नाही. ते मला सरळ 'सायरा' म्हणतात, बाकी सगळे मात्र 'एजे' म्हणू लागले आहेत. सख्खं एकही भावंड नसलेली मी एका दुपारीत अख्ख्या इस्पितळाची मोठी बहीण झाले.

खोली इमारतीच्या टोकाला. शेगडी चांगली ओढते. कोणीतरी टोपलीभर सफरचंदं ठेवली आहेत. फक्त एक प्रश्न सगळे विचारतात: कोणाची मुलगी, कोणत्या कुळाची, माणसं कुठं असतात? मी सांगते, अनाथालयात वाढले, नवरा वारला, मूल नाही. त्यावर माणसं अशा नजरेनं बघतात जशी मी हिवाळ्यात बिनकोटाची हिंडते आहे. बात्मा नावाची म्हातारी परिचारिका तर स्पष्टच म्हणाली, "म्हणजे तुम्ही मेलात तर रडायलासुद्धा माणसं भाड्यानं आणावी लागणार!" मला ती आवडली.

६ ऑक्टोबर

कक्षात सहा खाटा, सहा गुंडाळलेली डोकी. हा उलाकचा हंगाम. मेलेल्या बोकडासाठी घोडेस्वार एकमेकांवर तुटून पडतात, आणि संध्याकाळी बोकड शिजतो नि स्वार माझ्याकडे येतात. ते ठीक. पण मी जुनी कागदपत्रं चाळली. प्रत्येकापुढं कारण एकच: घोड्यावरून पडला. मे महिन्यात, जेव्हा कोणी खेळत नाही, तेव्हाही. एक ऐंशी वर्षांची अंथरुणाला खिळलेली म्हातारीसुद्धा घोड्यावरून पडली आहे. मी बाइकेंना विचारलं, घोडा तिच्या अंथरुणात शिरला होता का? ते पोट धरून हसले आणि मग म्हणाले की राउंड संपू दे, दाखवतो.

दाखवलं. केल्दिबेक नावाचा स्वार चार दिवस बेशुद्धीच्या काठावर होता. आज तो उठून बसला. भोवती काका, भाऊ, मेहुणे. कोणीही त्याला 'काय झालं', 'कोणी मारलं' असं विचारलं नाही. थोरला काका म्हणाला, "सांग रे, तुझ्या सात पिढ्या." केल्दिबेक बापापासून सुरू झाला. पाचव्या नावाशी अडखळला. मेहुणा म्हणाला, "पाचवा आठवत नाही? ज्यानं तुमची घोडी विकून माझ्या पणजीला पळवलं तो!" सगळे खो-खो हसले. केल्दिबेकनं घाम पुसला, पुन्हा सुरुवात केली आणि सातही नावं सांगितली. टाळ्या पडल्या. मग कुठं काकानं आवाज उतरवून विचारलं की डोक्याला काय झालं. आता तो जे बोलेल ते खरं धरायचं. त्याआधी बोललेलं हवेत गेलं.

बाइके म्हणाले की इथली ही फार जुनी रीत आहे. डोकं फुटलेला माणूस अर्धवट जागा असतो तेव्हा कोणाचंही नाव घेतो, आणि इथं नाव घेतलं की त्या माणसाकडून रक्ताचं देणं वसूल करावंच लागतं. म्हणून सात पिढ्या येईपर्यंत विचारायचं नाही, आणि ज्याला कधीच येणार नाहीत तो घोड्यावरून पडला. मला रीत वाईट वाटली नाही. स्मरणशक्ती तपासायला मीही असलेच प्रश्न विचारते.

मग मी विचारलं, बायकांचं काय?

उत्तर बात्मानं दिलं. या खोऱ्यात मुलींना पिढ्या शिकवत नाहीत. मुलगी लग्न होऊन जायची, बापाच्या पिढ्या घेऊन काय करायच्यात? नवऱ्याच्या पिढ्या तिच्या नव्हेत. म्हणजे कोणत्याही बाईला कधीही विचारलं जात नाही. सगळ्या बायका घोड्यावरून पडतात.

मी म्हणाले, माझ्या कक्षात पडणार नाहीत.

११ ऑक्टोबर

सकाळी एक तरुण बायको पाठुंगळीला घेऊन धावत आला. तिचं रक्त त्याच्या मानेवरून पाठीत उतरून बुटांपर्यंत पोचलं होतं. बायको त्याची नव्हे, थोरल्या भावाची. हा दीर, साम्सात. ती बुरुलचा, सव्वीस वर्षांची. उजव्या कानामागं कवटी आत दबलेली, दगडाखाली अंड्याचं कवच दबतं तशी. त्या खळग्यात केस रुतलेले. तिच्या एका डोळ्याची बाहुली पसरली होती. थांबायला वेळ नव्हता. विजेचं यंत्र बंद, म्हणून हातानं फिरवायच्या गिरमिटानं भोक पाडलं. बाइकेंनी डोकं धरलं, मी फिरवत राहिले. रक्त दाबाखाली होतं, माझ्या चष्म्यावर उडालं. बाहुली आकसली. जगेल.

दुपारी नवरा उगवला. झेनिश. दाढी केलेली, तोंडाला व्होडकाचा वास, हातात जाळीच्या पिशवीतून संत्री. म्हणाला, घोड्यावरून पडली. तेव्हा बात्मा सलाईन लावता लावता म्हणाली, "घोडा तर तू मागच्या वर्षीच पिऊन टाकलास ना रे?" तो हसला. सगळेच हसले. मला हसू आलं नाही. तिच्या हातावर जुन्या मोडलेल्या हाडांच्या गाठी आहेत, मी बोटांनी चाचपल्या.

साम्सात संध्याकाळपर्यंत ओसरीवर बसून होता. शर्ट वाळून पत्र्यासारखा ताठ झालेला. मी त्याला घरी हाकललं.

१४ ऑक्टोबर

बुरुलचानं डोळे उघडले. पाणी प्याली. स्वतःचं नाव बरोबर सांगितलं, गावाचं चुकीचं. तिचे तिन्ही भाऊ वरच्या कुरणातून उतरून आले होते आणि खाटेभोवती टोप्या हातात घेऊन उभे होते. थोरला काचकिन, खांदे दरवाजाएवढे, आवाज मात्र मऊ. ते तिला बोरसोक, तळलेले पिठाचे गोळे, चहात भिजवून भरवत होते आणि हवापाण्याबद्दल बोलत होते. बहिणीची कवटी फोडली आहे, आणि हे मेंढ्यांच्या लोकरीबद्दल बोलतायत!

मी पुढं झाले. बाइकेंनी माझी बाही धरली. मी सोडवून घेतली. तिच्या तोंडाशी वाकून सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात विचारलं, "बुरुलचा, तुला कोणी मारलं?"

खोली एकदम गार पडली. बात्मा बादली तिथंच ठेवून बाहेर गेली.

बुरुलचानं नजर छताला लावली. मग म्हणाली, "साम्सात."

मी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं.

भावांनी टोप्या घातल्या. काचकिननं माझा हात दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावला. "एजे, आमच्या बहिणीला आजवर कोणी विचारलं नव्हतं." माझे डोळे भरून आले, हे इथं लिहिते. बाइके तीन तास माझ्याशी बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले की तिला अजून गाव आठवत नाही, सायरा. मी म्हणाले की गाव विसरेल, मार विसरणार नाही. तुम्ही लोकांनी बायकांना मुकं ठेवायला ही पळवाट काढली आहे.

साम्सातनं सकाळीच दुधाचा कॅन आणून ठेवला होता. तो मी ओतून टाकला.

१६ ऑक्टोबर

साम्सातला आणलं.

बाजारात, मटणाच्या गाळ्यासमोर. टायर उघडायची पहार. तिघा भावांपैकी दोघांनी हात धरले, तिसऱ्यानं मारलं. ज्या गाळेवाल्यानं गाडीत घालून आणलं तो सांगत होता की आवाज लाकडाचा ओंडका फुटावा तसा झाला, आणि साम्सात गुडघ्यावर बसून म्हणत राहिला, "थांबा, माझं ऐका, थांबा." मग त्याचा जबडा हलायचा थांबला. गाळेवाल्यानं पुढं बांधलेल्या कापडावर बोकडाचं रक्त होतं की साम्सातचं, त्याला स्वतःलाही सांगता येईना.

कपाळाचं हाड तीन तुकड्यांत. एक डोळा गेला. मेंदूचा करडा लगदा पट्टीला चिकटून आला. मी आणि बाइके अंधार पडेपर्यंत शिवत होतो.

मिलिशियाचा, म्हणजे इथल्या पोलिसांचा, शिपाई आला, त्यानं चहा घेतला आणि लिहून घेतलं: घोड्यावरून पडला.

१८ ऑक्टोबर

बुरुलचा आज खरी जागी झाली. डोळ्यांत माणूस परत आला, हे बघताक्षणी कळतं. गावाचं नाव बरोबर. मुलीचं नाव बरोबर. मग तिनं इकडंतिकडं बघून विचारलं, "साम्सात कुठंय? त्यानं मला पाठीवर घेतलं होतं. सबंध रस्ताभर तो म्हणत होता, वहिनी, डोळे मिटू नकोस."

मी विचारलं नव्हतं. ती आपणहून सांगत गेली. झेनिशनं शेगडीच्या लोखंडी झाकणानं मारलं. पहिला वार तिला आठवतो. साम्सात मधे पडला, त्याच्याही मनगटावर बसलं. पुढचं आठवत नाही, फक्त साम्सातची मान, अगदी डोळ्यांसमोर.

शेवटचा दिसलेला चेहरा. अर्धवट जागा मेंदू रिकामी जागा सोसत नाही. हाताला लागेल तो चेहरा तिथं बसवतो आणि शपथेवर खरं मानतो. हे मी शिकवलं आहे. वर्गात, फळ्यावर लिहून शिकवलं आहे.

साम्सातची खाट तिच्यापासून दोन पावलांवर, पडद्याआड. तो घशातून खरखर श्वास घेतो. ती मला विचारत होती, पलीकडं कोण आहे, फार त्रास होतोय का बिचाऱ्याला?

काचकिनकडं गेले. तो अंगणात घोड्याला नाल मारत होता. मी सगळं सांगितलं. त्यानं तोंडातले खिळे एकेक करून हातावर काढले आणि विचारलं, "मग आता काय करू, एजे? पहार उलटी फिरवू?" मी म्हणाले, अर्धवट जाग्या माणसाचं बोलणं खरं नसतं. तो म्हणाला, "हे आमच्या आजोबालाही माहीत होतं. म्हणून तर आम्ही लोकरीबद्दल बोलत होतो." मग खाली मान घालून त्यानं पुन्हा नाल ठोकायला घेतला.

झेनिश घर सोडून पळाला आहे. खिंडीपलीकडं.

२० ऑक्टोबर

बर्फ. खिंड बंद. टेलिफोनची तारही गेली.

साम्सातनं उरलेला डोळा उघडला. त्याच्या चुलत्यांना कोणी कळवलं कोण जाणे, दहा मिनिटांत कक्षात आठ-दहा माणसं. मी दारात आडवी झाले. म्हणाले, आधी सात पिढ्या! सात पिढ्या म्हणू दे त्याला! माझ्याच तोंडून हे शब्द. थोरला चुलता म्हणाला, "कशाला, एजे? तुम्ही तर बाईला थेट विचारलंत. तिला विचारायचं आणि आमच्या पोराला विचारायचं नाही? त्यांचं रक्त लाल आणि आमचं काय ताक आहे?" त्यांनी मला उचलून बाजूला ठेवलं, अगदी सांभाळून, मडकं ठेवावं तसं.

बाइके तेव्हा साम्सातवर वाकून पट्टी बदलत होते. चुलत्यानं विचारलं, "कोणी मारलं?"

साम्सातचा डोळा फिरला आणि बाइकेंच्या चेहऱ्यावर थांबला. त्याच चेहऱ्याखाली तो इतके दिवस पडला होता. तो म्हणाला, "हा."

बाइके हसले. खरंच हसले. "अरे गाढवा, मी तुला शिवलंय." कोणीच हसलं नाही. मी ओरडून सांगितलं की सगळ्या बाजारानं बघितलंय, काचकिननं मारलं, पहार होती! चुलता म्हणाला, बाजार काय म्हणतो ते आम्ही ऐकलंय. पहार कोणाच्या हातात होती तेही ऐकलंय. पण हा म्हणतो, डॉक्टर. मग कवटी पहारीनं फुटली की तुमच्या गिरमिटानं, ते आम्हाला काय ठाऊक?

ते निघून गेले. बात्मा म्हणाली, बाइके, आज घरी जाऊ नका. बाइके म्हणाले की गाय व्यायला झाली आहे, जावं लागेल.

२१ ऑक्टोबर

मी खिडकीतून बघितलं.

भर दुपारी, अंगणात, कोळशाच्या ढिगापाशी. बाइके घरून परतत होते, बगलेत भाकरीचं बोचकं. साम्सातच्या चुलत्यांपैकी दोघं समोरून आले आणि त्यांनी सलाम केला. बाइकेंनी सलाम घेण्यासाठी छातीवर हात ठेवला. मागून तिसऱ्यानं कोळशाचं फावडं फिरवलं. कडेनं. टोपीसकट वरचं कातडं उडालं. ते पडले नाहीत. त्यांनी वळून बघितलं, काहीतरी बोलले. दुसरा वार सपाट बाजूनं. मग पडले. मग ते खाली असताना. मी काच फोडून ओरडत होते. पाय — बूट — टाच वर उचलून, ओल्या कपड्यावर टाच मारून पाणी काढतात तशी. बर्फ लांबपर्यंत लाल झालं, वाफ येत होती.

मग त्यांनी फावडं परत ढिगात नीट खोचून ठेवलं.

मीच उघडलं, मीच शिवलं. डोकं धरायला या खेपेला बात्मा. तिचे अश्रू माझ्या हातमोज्यांवर पडत होते, तिला दूर ढकललं, मग परत बोलावलं, दुसरं कोणी नव्हतं. बाकीचे सगळे पळाले.

आत शिवत असताना बाहेर कक्षात साम्सात मेला. एकटाच.

२३ ऑक्टोबर

बाइके जिवंत आहेत. श्वास बरा. बाहुल्या बऱ्या. इतक्या मारातून — कवटी जुन्या दरवाजासारखी जाड.

त्यांचे तिघे मुलगे आलेत. शांत माणसं. कक्षाबाहेर बाकावर ओळीनं बसून असतात. मोठ्याच्या गुडघ्यावर शिसं भरलेल्या मुठीचा चाबूक. माझ्याशी आदरानं बोलतात. मला चहा आणून देतात. मी त्यांना बजावलं आहे की पिढ्या आल्याशिवाय विचारायचं नाही, हा कक्ष माझा आहे. थोरला म्हणाला, "विचारणार नाही, एजे. आम्ही रीतीची माणसं आहोत."

आता माझी सगळी भिस्त त्या सात नावांवर. ज्यांना मी पळवाट म्हणाले. बाइके अडखळोत. पाचव्याशी, सहाव्याशी, कुठंही. महिनाभर अडखळू देत. तोवर खिंड उघडेल, बाहेरून कोणीतरी येईल, माथी थंडावतील. नाही तर ते साम्सातच्या चुलत्यांचं नाव घेणार, आणि मग चुलत्यांची मुलं, आणि त्यांच्यानंतर — खाटा सहाच आहेत.

बुरुलचाला कळलं आहे, पडद्याआड कोण होतं ते. ती रडत नाही. उठून फिरते, बाइकेंचे कपडे धुते. माझ्याकडं बघत नाही.

२४ ऑक्टोबर, सकाळ

ते जागे झाले. डोळे स्वच्छ. मी ओठ हलवून खूण केली: विसरा. विसरल्याचं सोंग करा. त्यांना समजलं. नक्की समजलं.

मुलगे आत आले. थोरला गुडघ्यावर बसला. "सात पिढ्या सांगा."

बाइकेंनी पाणी मागितलं. मग — असानबाय. तुर्गान. चिनीबेक. बोरोन्चु. इथं थांबले, मला हायसं वाटलं. थुंकी गिळायला थांबले होते. जामगिर. काल्मुर्झा. एसेन. सातही. एकही चूक नाही. वर आठवाही सांगितला, कोणी मागितला नव्हता.

थोरल्यानं बापाला विचारलं, "कोणी मारलं, अता?"

त्यांनी तिघांकडं एकेक करून बघितलं. धाकट्याकडं सगळ्यात जास्त वेळ. मग माझ्याकडं.

म्हणाले, "सायरानं."

मी म्हणाले, ते भ्रमात आहेत. मी म्हणाले, मी खिडकीत होते, काच अजून फुटलेली आहे, बघा! थोरला अगदी नम्रपणे म्हणाला, "एजे, सातही बरोबर आली. तुम्ही ऐकलीत."

ते सिगारेट ओढायला बाहेर गेले. घाई नव्हती त्यांना. मी बाइकेंचा सदरा धरून हलवलं. टाके तुटतील इतकं हलवलं. का? का?

ते हळू बोलत होते, मला कान लावावा लागला. माझ्या पोरांना रक्त हवंय. चुलत्यांचं नाव घेतलं तर आज चुलता, उद्या माझा थोरला, परवा त्यांचा, मग माझा धाकटा. हे संपायचं तर अशा माणसाशी संपलं पाहिजे, ज्याच्यासाठी कोणीही उठणार नाही. "तुझ्यामागं कोणी नाही, सायरा. तुझ्यानंतर कोणी कोणाला विचारणार नाही." आणि मग म्हणाले, "खोटं तरी कुठं बोललो?"

डोळे मिटले. डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांत उतरत होतं.

२४, दुपार

पुढचं दार — तिघांत धाकटा उभा. मागचं बर्फानं बुजलेलं. बात्मा दिसत नाही. बुरुलचानं मला हाताला धरून चादरींच्या खोलीत ओढलं, कडी लावली. लोखंडी कडी आहे. खिडकी नाही.

पेन्सिल आणि ही वही कोटात होती. लिहिते.

बाहेर आलेत. दार ठोठावतात, बोटांच्या पेरांनी, पाहुण्यासारखं.

"एजे, चहा झालाय. बाहेर या."

बुरुलचा चादरींच्या गठ्ठ्यावर बसली आहे. डोक्याची पट्टी मी बांधलेली. पट्टीवर थोडं ओलं. तपासायला हवं.

"एजे, लवकर होईल. आम्ही जनावरं नाही."

दार फळ्यांचं आहे. चांगलं आहे. टिकेल.

आता थोरला माझ्याशी बोलत नाही. तिच्याशी बोलतो. बहिणीशी बोलावं तसं. "बुरुलचा, सुरुवात कुठून झाली, आम्हाला माहीत आहे. काचकिनची पहार. आम्हाला इथं कोणी मिळालं नाही तर आम्ही वरच्या कुरणात जाऊ. तुझे भाऊ जेवायला बसले असतील आता." मग थांबला. मग — "आम्हाला नको आहे तिकडं जायला. खरंच नको."

ती माझ्याकडं बघते आहे. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

मी मान हलवली. नाही. मी तुझी कवटी — मी तुला —

उठली. माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात गरम आहे. ताप असावा. म्हणाली, खाली बसा, एजे. उभ्यानं लागलं की पडताना परत लागतं. बसून कमी लागतं. हात डोक्यावर घेऊ नका, बोटं मोडतात, मग पुढं भाकरी मळता येत नाही.

सांगताना आवाज मऊ. काचकिनसारखा.

बसले आहे. चादरी साबणाच्या वासाच्या.

ती दाराशी गेली. कडीवर हात. मी तिला विचारत नाही. मी आता कोणालाच —

कडी गंजली आहे, तिला दोन्ही हातांनी